वास येतोय ना? मग भास नाही तो

अगं, सगळ्यात आधी डॅशबोर्डवरची ती परफ्यूमची बाटली काढून टाक. वास झाकला म्हणून गाडी बरी होत नाही, आपल्याला कळायचं तेवढं बंद होतं. काल फोनवर तू म्हणालीस, की गाडीत काहीतरी गोडसर वास येतो, सिग्नलला थांबलं की वाढतो, डोकं जड होतं, आणि घरात सांगितलं तर ‘तुला काहीही वास येतात’ एवढंच ऐकावं लागतं. तुझं नाक ठणठणीत आहे गं. गाडीतला असा पाकासारखा गोड वास बहुतेक वेळा कूलंटचा असतो. कूलंट बंद नळ्यांतून फिरतं. सगळं धड असेल तर त्याचा वास आपल्यापर्यंत पोचायचं कारणच नाही. म्हणजे ते कुठूनतरी बाहेर पडतंय. कुठून, एवढंच शोधायचं.

लगेच धसका घेऊ नकोस. चार रुपयांच्या क्लिपेपासून अख्खा डॅशबोर्ड उतरवण्यापर्यंत यात काहीही निघू शकतं, आणि यातलं काय हे ओळखायचं निम्मं काम तू घरच्या पार्किंगमध्ये करू शकतेस. गॅरेजमध्ये ‘मॅडम, वास येतोय का? बघतो’ एवढ्यावर गाडी सोडून आलीस, तर ते अंदाजाने एकेक पार्ट बदलत जाणार आणि बिल तू भरत जाणार. तेव्हा गळती स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, एवढं आधीच ठरवून टाक.

पहिल्यांदा वासाची खात्री करून घे, कारण गाडीत वास काही एकच नसतो. एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं ओल्या मोज्यांसारखा कुबट वास आला, तर ती एसीच्या कॉइलवरची बुरशी. चढावर करपल्यासारखा वास आला, तर क्लच. सीएनजीला मुद्दाम कुजकट वास दिलेला असतो, तो आला तर गाडी बंद करून आधी खाली उतर. बोनेटखाली उंदीर मेला असेल तर ते सांगावं लागत नाही. या सगळ्यांत गोड वास एकटा कूलंटचाच. त्यात इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन असतं, गोडवा त्याचा. आणि हो, नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल किंवा कोणी कूलंट भरताना सांडवलं असेल, तर गरम इंजिनावर ते तापून एकदोन दिवस वास येतो आणि जातो. तुझा वास जायचं नाव घेत नाहीये, म्हणून ही शक्यता सोडून देऊ.

आता उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली असताना, बोनेट उघड. पांढरट प्लास्टिकची एक बाटली दिसेल, तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतील. आतलं रंगीत पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये हवं. मोबाइलवर फोटो काढ. गाडी त्याच सपाट जागी लावून पुढचा आठवडाभर रोज सकाळी असाच फोटो काढत जा. पातळी दिसण्याइतकी खाली गेली, तर गळती आहे हे कोणाशी वाद न घालता सिद्ध झालं. बाटली रिकामीच दिसली तर मात्र आठवडाभर थांबू नकोस, गाडी चालवूच नकोस. रंगावरून काही ठरवू नकोस हं. हिरवं, लाल, गुलाबी, निळं, सगळ्या रंगांत कूलंट मिळतं. रंग कंपनी घालते, त्याला काही ठरावीक अर्थ नाही. तुझ्या गाडीत कोणता रंग आहे तेवढा फक्त लक्षात ठेव, पुढे डाग ओळखायला उपयोगी पडेल.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा त्या बाटलीचं दाबाचं झाकण उघडायचं नाही. कुकरची वाफ गेल्याशिवाय आपण झाकणाला हात लावतो का? तसंच हे. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट हे मिश्रण साध्या हवेत १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाच्या दाबाखाली ते सव्वाशे अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलंस की दाब जातो आणि ते सगळं उसळून तोंडावर येतं. वरचा जाड रबरी पाइप हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत झाकण तसंच राहू दे.

आता ही गळती बोनेटखाली आहे की डॅशबोर्डच्या आत, हे शोधायचं. पुढचा सगळा खर्च यावरच ठरतो, म्हणून इथे घाई करू नकोस.

डॅशबोर्डच्या आत, साधारण मधोमध, एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. त्याला हीटर कोर म्हणतात. आपले मेकॅनिक हीटर कॉइलही म्हणतात. इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि ब्लोअरची हवा त्यावरून जाऊन गरम होते. पुण्यात राहून हीटर लावतंय कोण, असं तू म्हणशील. पण बऱ्याच गाड्यांमध्ये हीटर बंद असला तरी त्या कोरमधून कूलंट फिरतच असतं. आपण बटण फिरवतो तेव्हा आतली फक्त झडप हलते. म्हणून एसी चालू असतानाही फुटलेल्या कोरचा वास येऊ शकतो.

दुसरी शक्यता बोनेटखालची. पुढच्या काचेच्या बुंध्याशी, वायपरच्या खाली जाळी असते ना, तिथून गाडी बाहेरची हवा आत ओढते. इंजिनाजवळ कुठे कूलंट ठिबकत असेल, तर त्याची वाफ त्याच जाळीतून आत येते. गाडी पळत असताना वारा ती उडवून लावतो, सिग्नलला थांबलं की वास भरतो. तू सांगितलंस ते या प्रकाराशी जुळतंय. तरी खात्री करून घे.

खात्री कशी करायची? गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम कर आणि मोकळ्या जागेत उभी कर. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये हा प्रयोग करायचा नाही, सायलेन्सरचा धूर जीव घेतो. काचा बंद कर. एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मध्यम. हवा आतल्या आत फिरवायचं बटण असतं, गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो ते, दाब. दोनतीन मिनिटं बस. वास जोरात आला आणि काचेवर वाफ धरायला लागली, तर संशय हीटर कोरवर. तसं झालं नाही, तर बटण बाहेरच्या हवेवर कर आणि पुन्हा बस. आता वास आला, तर चोर बोनेटखाली आहे. वास जोरात आला की लगेच काचा उघड, उगीच सोसत बसू नकोस.

हीटर कोरचे आणखी तीन पुरावे असतात. पहिला पुढच्या काचेवर. आतल्या बाजूने कोरडा टिश्यू फिरव. साधी वाफ पुसली जाते आणि काच स्वच्छ होते. कूलंटचा थर मात्र तेलकट लागतो, पुसला की पसरतो आणि पुन्हा धरतो. दुसरा पायाखाली. ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या, दोन्ही जागांची मॅट उचलून खालच्या कार्पेटवर, अगदी पुढे डॅशबोर्डच्या खाली, पांढरा रुमाल दाबून धर. रुमाल ओला झाला म्हणून लगेच निकाल देऊ नकोस, कारण एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी कार्पेट भिजतं. ते पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं आणि बोटांना चिकटत नाही. रुमालावर रंग आला आणि बोटं बुळबुळीत झाली तर ते कूलंट. हात लगेच साबणाने धू. तिसरा पुरावा कानाला कळतो. गाडी सुरू करताना किंवा चढाला डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो, किंवा हीटर लावूनही हवा गारच येते. कूलंट कमी होऊन नळ्यांत हवा शिरली की असं होतं.

बोनेटखाली शोधायचं असेल तर थंड गाडीत टॉर्च घेऊन बघ. ताजी गळती गरम इंजिनावर लगेच वाळते, म्हणून थेंब दिसेलच असं नाही. पण मागे रंगीत किंवा पांढरट खपली राहते. ती खपली जिथे सुरू होते तिथे गळती. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. रबरी पाइपांची टोकं आणि त्यांच्या क्लिपा. रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा, जुन्या गाडीत हा हमखास चिरतो. बाटलीचं झाकण, त्यातलं रबर कडक झालं की दाब धरत नाही. थर्मोस्टॅटचं घर. वॉटर पंप, त्याचं सील गेलं की खालच्या बारीक भोकातून ठिबकायला लागतं. आणि इंजिनाच्या मागे, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत जाणारे हीटरचे दोन पाइप, हे बघायचे बरेच जण विसरतात. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली आसऱ्याला येतात आणि वायरींबरोबर रबरी पाइपही कुरतडतात, दातांच्या खुणा दिसतात का बघ.

एका गोष्टीची मात्र खरी भीती बाळग, आणि ती म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) फुटण्याची. सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोड वासाचा धूर येत राहिला, बाटलीत इंजिन चालू असताना सतत बुडबुडे दिसले, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं, तर कूलंट इंजिनाच्या आत जातंय. मग गाडी चालवायचीच नाही, उचलून न्यायची. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ फेस दिसला तर मात्र हाय खाऊ नकोस. रोज दोनतीन किलोमीटरच गाडी फिरली आणि हवा दमट असली तरी तो धरतो.

आता गॅरेज. तिथे जाऊन ‘वास येतो’ म्हणू नकोस. ‘कूलंट कमी होतंय, हे आठवड्याचे फोटो, प्रेशर टेस्ट करून गळती दाखवा’ असं म्हण. बोलण्यातला हा फरक समोरच्याला लगेच कळतो. प्रेशर टेस्ट म्हणजे थंड गाडीत झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि काटा बघत थांबायचं. काटा उतरला तर गळती आहे, आणि दाबामुळे ती दिसायलाही लागते. बाहेर कुठेच दिसत नसेल आणि कार्पेट भिजत असेल, तर हीटर कोर. बाहेरही नाही आणि आतही नाही, तर हेड गॅस्केटची वेगळी तपासणी करतात. बाटलीतल्या वाफेत इंजिनाचा धूर मिसळला असेल तर तपासणीच्या नळीतलं निळं द्रावण पिवळं पडतं. टेस्टच्या वेळी तिथे उभी राहा. ‘मॅडम, तुम्ही बसा आत, चहा घ्या’ म्हणतील. चहा हातात घेऊन तिथेच उभी राहा.

क्लिप, झाकण, पाइप यांतलं काही निघालं तर सुटलीस, काम थोडक्यात होतं. वॉटर पंप किंवा रेडिएटर असेल तर खर्च मध्यम. हीटर कोर निघाला तर पार्ट त्या मानाने स्वस्त असतो, मजुरी महाग, कारण बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून आधी एवढं विचार: कोरच गेलाय, की त्याच्या पाइपांच्या सांध्यातली रबरी रिंग? काही गाड्यांत ती रिंग बदलून काम भागतं. कोर बदलायचाच ठरला तर एअरबॅगचं काम माहीत असलेल्याकडेच दे, बॅटरी काढून ठेवूनच डॅशबोर्डला हात लावला पाहिजे. हीटरची पेटी उघडलेलीच असते, तेव्हा शेजारची एसीची कॉइल तपासून घे, केबिन फिल्टर नवा घाल. शेवटी कूलंट नवं भरून नळ्यांतली हवा नीट काढली का, ते विचार. हवा राहिली तर इंजिन विनाकारण तापतं. कार्पेट उचलून धुऊन उन्हात वाळवायला लाव, नाहीतर दुरुस्ती होऊनही वास महिनाभर छळेल.

कोणी म्हणेल, ‘हीटर लागतो कुठे, बायपास करून टाकू.’ म्हणजे हीटरचे दोन्ही पाइप फायरवॉलबाहेर एकमेकांना जोडायचे. तात्पुरतं हे चालतं, आणि काचेवरची वाफ घालवायला आपल्याकडे एसी पुरतो. पण पाइप जोडायचे असतात, बुच मारून बंद करायचे नसतात; काही इंजिनांत त्याच वाटेने कूलंट फिरत राहावं लागतं. उद्या मनालीला गाडी न्यायची म्हणालीस तर हीटर लागेलच. बाटलीतून ओतायचं गळती बंद करणारं औषधही कोणी सुचवेल. ते घेऊ नकोस. ते भोक बुजवतं तसं कोरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

हे सगळं होतं कशामुळे? बऱ्याचदा जुन्या कूलंटमुळे आणि नळाच्या पाण्यामुळे. कूलंट नुसतं थंडाव्यासाठी नसतं, आतल्या धातूला गंज लागू नये म्हणून त्यात द्रव्यं असतात. ती वर्षागणिक संपतात. त्यात कोणी हायवेवर बाटलीभर बोअरचं पाणी ओतलं की क्षार साचतात, ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडतात. तुझी गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने काय ओतलं देव जाणे. म्हणून आता दुरुस्तीबरोबर सगळं कूलंट काढून नवं भर. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घे, दोन प्रकार मिसळू नकोस, मिसळले तर कधी कधी गाळ धरतो. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. घट्ट असेल तर निम्म्याला निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीसाठी मिळतं तेच.

तोपर्यंत गाडी चालवावीच लागली तर जवळपासच, बाटली भरलेली बघून, काचा थोड्या उघड्या ठेवून. तुझ्या पिल्लूला त्या गाडीतून नेऊ नकोस. वाफेने डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, आणि रात्री काचेवरच्या त्या तेलकट थरावर समोरच्या गाडीचे दिवे पडले की रस्ताच दिसत नाही. तापमानाचा काटा वर गेला किंवा लाल दिवा लागला, की एसी बंद कर, कडेला घे, इंजिन बंद कर. ‘एवढा घाट उतरू आणि मग बघू’ नाही. आणि दिवा लागला नाही म्हणून निर्धास्तही राहू नकोस; कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खरं सांगत नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. राष्ट्रीय महामार्गावर अडकलीस तर १०३३ ला फोन कर.

घरात मोती आहे, म्हणून हेही सांगते. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलंही बोट घालतात, आणि ते विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं. पार्किंगमध्ये सांडलं तर आधी फडक्याने टिपून घे, मग भरपूर पाण्याने जागा धू. उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, मूळ डब्यातच, वरच्या फळीवर. कोणाच्या पोटात गेलंच तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखान्यात न्यायचं, डबा बरोबर घेऊन. मोतीला लगेच पशुवैद्याकडे.

आणि घरात पुन्हा कोणी ‘तुला काहीही वास येतात’ म्हणालं, तर वाद घालू नकोस, फोटो दाखव. उद्या सकाळचा पहिला फोटो मला पाठव. गळती सापडून बंद होईपर्यंत पाचगणीचा बेत मात्र पुढे ढकल. पसरणी घाट कुठे जात नाही.